स्वल्प कमी

अक्का हवेतला डिमर फिरवायच्या.

उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्याशेजारचं बोट जुळवायचं, जणू त्यात एखादं गोल बटण धरलंय, आणि मनगट हलकेच डावीकडे वळवायचं. सोबत दोन शब्द: "स्वल्प कमी." स्वल्प म्हणजे थोडंसं. आपल्याकडे हा शब्द आता स्वल्पविरामापुरता उरलाय, पण बेंगळुरूत तो रिक्षात, दुकानात, भाजीच्या गाडीवर दिवसभर कानावर पडतो. अक्कांच्या मराठीत तो इतका मुरला होता की तो कन्नड आहे हे त्यांना सांगावं लागलं असतं.

रिक्षावाल्याने गाणं मोठ्याने लावलं की मागच्या सीटवरून, त्याला आरशात दिसेल असा हात वर करून, "अण्णा, स्वल्प कमी." शेजारच्या नवरा-बायकोचं भांडण खिडकीतून आत आलं की खिडकीकडे बघून. सारात तिखट जास्त पडलं की पातेल्याकडे बघून. एकदा आरतीत मी फारच वरच्या पट्टीत गेले. अक्कांनी डोळे मिटलेले होते, डाव्या हातातली घंटा चालू होती, आणि उजवा हात माझ्या दिशेने बटण फिरवत होता.

असं एखादं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. एखादी लकब इतकी पक्की असते की माणूस आठवायच्या आधी तीच आठवते. अक्कांबद्दल मी लिहावं की नाही, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. चांगलं लिहायला बसले की मध्येच राग वर येतो. रागाने लिहायला घेतलं की तो हात आठवतो. म्हणून जसं घडलं तसं सांगते, तुम्हीच काय ते बघा.

मी परभणीकडची. वडिलांचं एसटी स्टँडसमोर पंक्चरचं दुकान आहे, आई शाळेत पोरांची खिचडी शिजवते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली. बेंगळुरूला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला नंबर लागला तेव्हा घरात आनंद झाला, पण पोरगी राहणार कुठे ही काळजी त्याहून मोठी होती. शाळेतल्या एका सरांच्या लांबच्या ओळखीतून अक्कांचं नाव कळलं. जयनगरमधलं जुनं बैठं घर, दारात कढीपत्त्याचं झाड, मागच्या बाजूला एक खोली. अक्कांचे सासरे साताऱ्याकडून इथल्या सरकारी कारखान्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले. यजमानही त्याच कारखान्यात इंजिनिअर होते. ते जाऊन काही वर्षं झाली होती. एकुलता मुलगा पुण्यात. घरात अक्का एकट्याच.

पहिल्याच संध्याकाळी गंमत झाली. मी स्वयंपाकघरात ताटं पुसत होते. अक्का देवासमोर दिवा लावायला निघाल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "आवरलं की तेवढा लाइट काढ गं."

मी वर पाहिलं. बल्ब चांगला चालू होता. पण नवीन घर, नवीन माणूस, उलट कसं विचारायचं? मी स्टूल ओढलं, ओढणी हाताला गुंडाळली आणि तो गरम बल्ब दाबून, फिरवून काढला. अंधारात मी स्टुलावर, हातात बल्ब, तोवर अक्का परत आल्या.

"अगं बाई, काय करतेस वर?"

"तुम्हीच म्हणालात ना, लाइट काढ."

त्यांना क्षणभर काही कळेना. मग त्या भिंतीला धरून हसायला लागल्या. हसता हसता खाली बसल्या. "अगं, काढ म्हणजे बंद कर. आमच्यात लाइट घालतात आणि काढतात."

"आमच्यात कपडे घालतात आणि चपला काढतात," मी म्हणाले. ते मी विनोद म्हणून म्हटलं नव्हतं, पण त्यांना पुन्हा हसू आलं.

कन्नडमध्ये तसंच म्हणतात, हे मला नंतर कळलं. तीन पिढ्यांत ते त्यांच्या मराठीत येऊन बसलं होतं. दुसऱ्या दिवशी गल्लीत सगळ्यांना ही गोष्ट समजली होती. दूधवाल्याला, समोरच्या काकूंना, देवळातल्या बायकांना. "ही आमची इंजिनिअर. लाइट काढ म्हटलं तर मुळासकट काढते." पुढेही कोणी घरी आलं की हीच ओळख. मला लाज वाटायची, पण खरं सांगते, त्यातला 'आमची' हा शब्द ऐकायला मी मुद्दाम हॉलमध्ये रेंगाळायचे. या शहरात मला आमची म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं.

आता खऱ्या डिमरबद्दल. हॉलच्या दाराशेजारी, स्विचबोर्डावर, एक तपकिरी गोल बटण होतं. छताला तीन बल्बांचं पितळी झुंबर, आणि त्याचा उजेड या बटणावर कमी-जास्त व्हायचा. अक्कांच्या यजमानांनी हौसेने बसवलेलं. "तेव्हा अख्ख्या जयनगरात आमच्याकडेच होतं," असं अक्का सांगायच्या. खरं खोटं माहीत नाही. पोथी वाचताना उजेड पूर्ण, बातम्यांना निम्मा, डोकं दुखत असलं की नुसत्या बल्बातल्या तारा तांबूस दिसतील एवढाच. अक्कांना अर्धशिशी होती. झगझगीत उजेड डोळ्यांत सुईसारखा जायचा.

पण त्या बटणाचा एक उपयोग वेगळाच होता. नको असलेला पाहुणा लांबला की अक्का पाणी आणायच्या निमित्ताने उठायच्या आणि भिंतीजवळून जाताना बटण जरासं वळवायच्या. परत येताना आणखी जरासं. पाहुणा बोलतच असायचा. थोड्या वेळाने तोच खिडकीकडे बघायचा आणि म्हणायचा, "बराच वेळ झाला की. निघतो."

"बसा की," अक्का म्हणायच्या. "एवढी काय घाई?"

तो गेला की बटण पुन्हा पूर्ण. "कोणाला जा म्हणावं लागत नाही गं," त्या मला सांगायच्या. "त्याचं त्यालाच वाटतं."

मी खूप हसायचे. आमच्या गावी वडील सरळ म्हणतात, "चला, उठा आता, दुकान उघडायचंय." मला अक्कांची रीत फार सभ्य वाटायची. मोठ्या शहरातली, शिकलेल्या घरातली रीत. आपणही असं वागायला शिकलं पाहिजे असं वाटायचं.

आणि हेही सांगितलं पाहिजे. माझ्या परीक्षा आल्या की अक्का मला हॉलमध्ये अभ्यासाला बसवायच्या, कारण मागच्या खोलीतल्या ट्यूबचा उजेड पुस्तकावर नीट पडायचा नाही. बटण पूर्ण वर करायच्या आणि स्वतः आरामखुर्चीत डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून पडायच्या.

"कमी करू का अक्का?"

"राहू दे. तुला दिसतंय ना?"

"दिसतंय."

"मग वाच. मी झोपले नाहीये."

आतल्या खोलीत जाऊन पडता आलं असतं त्यांना. पण त्या तिथेच बसायच्या, रुमाल गरम झाला की पलटायच्या. माझ्यासाठी त्यांनी उजेड कधी कमी केला नाही.

वडील एकदा भेटायला आले होते. अक्कांच्या समोर खुर्चीत बसेनात, दारातच उभे. हात जोडून म्हणाले, "अक्का, पोरगी तुमच्या भरवशावर ठिवली बगा."

"डिग्रीचा कागद हातात येईपर्यंत ती खोली तिचीच," अक्का म्हणाल्या. "काळजी बेडा."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. "नको म्हणतायत," मी सांगितलं. वडिलांना तो शब्द इतका आवडला की गावी जाऊन आईलाही तेच. मी फोनवर परीक्षेचं काही बोलले की पलीकडून, "काळजी बेडा, पोरी."

शेवटचं वर्ष सुरू व्हायच्या आधी कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात जागा निघाली आणि यादीत माझं नाव आलं. वर्गापासून चालत दोन मिनिटं, लायब्ररी समोर. कळवायची मुदत थोडीच होती. मी अक्कांना विचारलं. त्या मेथी निवडत होत्या.

"जा की," त्या म्हणाल्या. "मी कोण अडवणार?"

त्यांनी चार-पाच काड्या निवडल्या आणि मग, मान वर न करता, "नवी जागा, नव्या पोरी. शेवटचं वर्ष. अभ्यास होणार का तिथं? इथं काय कमी आहे तुला?"

"कमी काही नाही अक्का."

"मग?"

मी वसतिगृहाला नको म्हणून कळवलं. त्या दिवशी अक्कांनी चित्रान्न केलं, म्हणजे लिंबू पिळलेला फोडणीचा भात, भरपूर शेंगदाणे घालून. माझी जागा दुसऱ्या मुलीला गेली.

पावसाळा सरत आला तेव्हा एक दिवस कॉफी ओतता ओतता अक्का म्हणाल्या, "यंदा घर काढायचंय गं."

"काढू की," मी म्हणाले.

आमच्याकडे दसऱ्याआधी सगळं घर बाहेर येतं. गोधड्या, भांडी, उतरंडीतले डबे, सगळं धुऊन उन्हात. त्याला आम्ही 'दसरा काढणं' म्हणतो. अक्कांच्या घरी मी एवढं काही होताना पाहिलं नव्हतं. या वर्षी करायचं म्हणतायत तर चांगलंच आहे, असं मला वाटलं. आणि मी लागले कामाला. माळे उतरवले, जुनी वर्तमानपत्रं रद्दीत गेली, यजमानांचे कोट दान झाले. अक्का प्रत्येक वस्तू हातात धरून बघायच्या आणि "हे बेडा" म्हणून बाजूला ठेवायच्या. इतकं सगळं बेडा कसं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.

मग झुंबराची पाळी आली. जुने पिवळे बल्ब एकेक करून गेले होते आणि कोपऱ्यावरच्या दुकानात आता मिळत नव्हते. त्यांच्या जागी एलईडी लावले तर ते डिमरवर लुकलुकायला लागले आणि भुणभुण आवाज करायला लागले. अक्का म्हणाल्या, "बल्बांना थंडी वाजतेय." मी समजावून सांगितलं की हा डिमर जुन्या बल्बांसाठीचा आहे, या बल्बांशी त्याचं जमत नाही. एक तर यांना चालेल असा नवा डिमर आणू, नाही तर साधा स्विच.

"साधाच घाल," अक्का म्हणाल्या.

"नवा डिमर मिळेल अक्का. तुमच्या डोळ्यांना—"

"साधा घाल गं. कोणालाही जमेल असा."

मी दुकानात गेले, "डिमर बेडा, नॉर्मल स्विच कोडी," एवढं माझं कन्नड वापरलं, आणि स्विच घेऊन आले. हे काम मोठं नाही, मला माहीत आहे. पण प्रयोगशाळेच्या बाहेर, खऱ्या घराच्या भिंतीत मी पहिल्यांदाच हात घालणार होते. मेन बंद केला. तरी टेस्टरने पाहिलं. पुन्हा पाहिलं. अक्का टॉर्च धरून उभ्या होत्या.

"भीती वाटते का?"

"नाही."

"मग टेस्टर का थरथरतोय?"

"टॉर्च हलतोय तुमचा," मी म्हणाले, आणि आम्ही दोघी हसलो.

पाटी उघडली. डिमर भिंतीत घट्ट बसला होता. मागे इतक्या वर्षांची धूळ आणि कोळ्याचं वाळलेलं जाळं. दोन वायरी सोडवल्या, त्यांची टोकं साफ केली, नव्या स्विचच्या स्क्रूखाली घट्ट बसवली. मग लक्षात आलं की डिमरने दोन स्विचांची जागा अडवली होती आणि नवा स्विच एकाच जागेचा. भिंतीत शेजारी एक चौकोनी भोक उघडं राहिलं. पुन्हा दुकान, तिथून झाकणासारखी कोरी पट्टी, ती बसवली. मेन चालू केला.

"घाला," मी म्हणाले. अक्कांचा शब्द मी वापरला होता, मुद्दाम.

अक्कांनी बोट टेकवलं. टक्. सगळा हॉल एकदम उजळला. अक्कांनी डोळे मिटले, मग एका हाताने सावली करून आजूबाजूला पाहिलं. छताच्या कोपऱ्यातले पोपडे, सोफ्यावरचा डाग, त्यांच्या हातावरच्या शिरा, सगळं दिसत होतं.

"एवढा उजेड होता होय यात," त्या म्हणाल्या. आणि टक् करून बंद केला.

काढलेला डिमर मी त्यांना दिला. त्यांनी बटण दोनदा इकडेतिकडे फिरवून पाहिलं आणि पदराला पुसून देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवलं. मी तो दिवस वडिलांना फोनवर सगळा सांगितला. वडील म्हणाले, "शॉक न्हाई ना बसला?" मग बराच वेळ दुकानातल्या गिऱ्हाइकाला माझ्याबद्दल सांगत राहिले. ते मला फोनमधून ऐकू येत होतं.

त्यानंतरच्या रविवारी सकाळीच अक्कांनी मला माझी ट्रंक, पुस्तकं, कपडे मागच्या खोलीतून माळ्यावर ठेवायला सांगितले. "तीही खोली काढायचीय," म्हणाल्या. मी ठेवलं. मग हॉलमधल्या भिंतीवरच्या पंख्याची वायर सैल झाली होती, ती बघायला स्टुलावर चढले. तेवढ्यात दारात एक एजंट आला, आणि त्याच्यामागे एक तरुण जोडपं. पुण्याचं. आयटीतलं असावं. गळ्यात ऑफिसचा पट्टा नव्हता, पण बोलण्यात होता.

"मावशी, हॉल एकदम मस्त आहे," ती बाई म्हणाली. "फक्त लाइटिंग फार फ्लॅट आहे ना रे? इथे डिमेबल वॉर्म लाइट्स घेऊ या आपण."

"चालेल," नवरा म्हणाला.

मी स्टुलावर होते. मला वाटलं, नातेवाईक असतील. मग एजंटने अक्कांना हिंदीत विचारलं, "मॅडम, टेनंट-विनंट कोई नहीं है ना अंदर?"

"कोई नहीं," अक्का म्हणाल्या.

ते मागची खोली बघून आले. तिथे आता नुसती खाट आणि उघडी भिंत. "स्टडी होईल इथे," असं काहीतरी बोलणं चाललं होतं. परत येताना त्या बाईचं माझ्याकडे लक्ष गेलं. ती हसली आणि अक्कांना विचारलं, "ही कोण?"

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. त्यांच्या ओठांवर आलेल्या, तीन वर्षं ऐकलेल्या वाक्याची मी वाटच बघत होते.

"ही?" अक्का म्हणाल्या. "ही वायरिंगचं बघायला येते."

"अरे वा, मुलगी इलेक्ट्रिशियन. किती छान," ती बाई मनापासून म्हणाली. "तुझा नंबर दे ना गं, आमचंही बरंच काम निघेल."

मी नंबर दिला. का दिला, कळत नाही. हातात टेस्टर होता, केसांत भिंतीची धूळ होती. अक्का म्हणाल्या तशीच मी दिसत असणार.

ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. अक्का ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या.

"अक्का, घर विकताय?"

"सांगितलं होतं की तुला. घर काढायचंय म्हणून."

"मला वाटलं दसऱ्याचं काढायचंय. आवरायला."

"तुला काय वाटलं त्याला मी काय करू? विकायला काढणं नाही म्हणत तुमच्यात?"

म्हणतात. आमच्यातही म्हणतात.

"अक्का, लाइट काढ म्हटल्यावर मी काय समजले, हे तुम्ही तीन वर्षं सगळ्या गल्लीला सांगताय. मला 'काढ' म्हटलं की काय समजतं, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे?"

नळ टपकत होता, तो त्यांनी घट्ट केला.

"वसतिगृहाचं विचारलं मी, तेव्हा ठरलं होतं?"

"मुलाचं चाललं होतं उन्हाळ्यापासून. मला तिकडे ने म्हणून मी नाही गं मागे लागले."

"म्हणजे ठरलं होतं."

"ठरल्यासारखं होतं."

"मग जा म्हणायचं होतं मला. मी गेले असते. माझी जागा होती तिथे. आता कुठे जाऊ? शेवटचं वर्ष आहे माझं. वडिलांना काय सांगू? डिग्रीचा कागद हातात येईपर्यंत म्हणाला होतात तुम्ही, त्यांच्यासमोर..." माझा आवाज चढत गेला होता. मला तो थांबवता येत नव्हता.

अक्का वळल्या. अंगठा आणि बोट जुळलं, मनगट डावीकडे वळलं. "स्वल्प कमी. शेजारी ऐकतात."

"तो डिमर काढला ना मी, अक्का," मी म्हणाले.

हे मी ओरडून नाही म्हटलं. उलट तेवढं एकच वाक्य हळू निघालं. अक्कांचा हात तसाच राहिला, मग त्यांनी तो पदराला पुसला, ओला नसताना.

"सांगितलं असतं तर तू तेव्हाच गेली असतीस," त्या म्हणाल्या. "आणि मी इथं एकटी बसले असते, एवढे महिने. घरातलं एकेक काढत. मुलगा काय, फोनमध्ये असतो. मला भीती वाटते गं एकटीला."

"मी थांबले असते."

हे खरं की खोटं, मला अजून सांगता येत नाही. कदाचित गेलेही असते. पण विचारायला तरी हवं होतं. विचारलं असतं तर थांबणं माझं असतं.

"आणि वायरिंगचं बघायला येते?" मी विचारलं.

"त्यांना घरात भाडेकरू नको होता. दोन शब्दांचं काय एवढं लावून घेतेस?"

'आमची इंजिनिअर' या दोन शब्दांवर मी त्या घरात तीन वर्षं काढली होती, हे मला तेव्हा सुचलं नाही.

पुढे येलहंकाच्या बाजूला एका ठिकाणी खाट मिळाली. एका खोलीत चौघी, कॉलेज शहराच्या दुसऱ्या टोकाला, जाताना आणि येताना बस बदलायची. अभ्यास बसमध्ये उभ्याने होतो, किंवा होत नाही. वडिलांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अक्कानं असं केलं?" मी वाट बघत होते, पण 'काळजी बेडा' ते म्हणाले नाहीत. त्यानंतर कधीच म्हणाले नाहीत.

अक्का आता पुण्यात असतात, मुलाच्या फ्लॅटमध्ये, बऱ्याच वरच्या मजल्यावर. मध्ये त्यांचा फोन आला होता. "कशी आहे आमची इंजिनिअर?" त्यांनी विचारलं. मी बरी आहे म्हणाले. त्यांनी डोळ्यांचं सांगितलं, तिथे सगळीकडे पांढरे लाइट आहेत म्हणाल्या. मी हो, हो म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर वाटलं, काहीतरी विचारायला हवं होतं. पण 'आमची' ऐकल्यावर मला पुढचं काही नीट ऐकूच आलं नव्हतं.

मला आठवते ती मी निघाले ती संध्याकाळ. ट्रंक रिक्षात ठेवून झाली होती. अक्कांनी चित्रान्नाचा डबा हातात दिला. "डबा परत द्यायची घाई नाही," म्हणाल्या. आम्ही दोघी हॉलमध्ये उभ्या होतो, आणि त्या नव्या स्विचचा सगळा उजेड आमच्या अंगावर. अक्कांचा चेहरा इतका स्पष्ट मी कधी पाहिला नव्हता. त्यांचे डोळे लाल झाले होते. अर्धशिशीने की कशाने, मी विचारलं नाही. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, मग तोच हात भिंतीकडे गेला. अंगठा आणि बोट जुळलं आणि कोऱ्या पट्टीवर, जिथे आधी बटण होतं तिथे, वळलं. बोटांना काहीच लागलं नाही. त्यांनी पुन्हा एकदा वळवून पाहिलं.

मी चप्पल घातली आणि बाहेर आले. रिक्षात बसून मागे पाहिलं तेव्हा खिडकीत अजून पूर्ण उजेड होता आणि अक्का भिंतीजवळच उभ्या होत्या. रिक्षा सुरू झाली. खिडकी हळूहळू मंद होईल असं मला सवयीने वाटलं होतं.

टक् झालं असणार. एकदम काळी झाली.